मिलवर आलेलं अंजन

आमचं एरंडोलचं घर आणि आबांची सॉ मिल यांच्यामध्ये एकच भिंत होती, तीही छपरापर्यंत पोचलेली नव्हती. मिलमध्ये आरा सुरू झाला की स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या ताटल्या एकमेकींना लागून बारीक किणकिणायच्या. पाहुणे दचकायचे. आम्हाला ते ऐकूही येत नसे. उलट वीज गेली आणि आरा थांबला की आम्ही बोलता बोलता थांबायचो, काय बिघडलं म्हणून. लाकडाप्रमाणे आऱ्याचा आवाज बदलतो हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. कडुलिंब चिरताना तो सैल, गळ्यातल्या गळ्यात गुणगुणल्यासारखा येई. सागवानाचा एकसारखा, सरळ. बाभळीची गाठ आली की मध्येच खाकरल्यासारखा. आणि अंजन आलं की आरा किंचाळायचा. अंजनाचं लाकूड दगडासारखं. पातं तापायचं, धार जायची, म्हणून आबा ते फारसं घेत नसत. वर्षाकाठी एखाद्या शेतकऱ्यानं बांधावरचं झाड बैलगाडीच्या कण्यासाठी आणलं तरच.

आईला सगळं गाव अक्का म्हणायचं म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. ती भुशाच्या शेगडीवर स्वयंपाक करी. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासून भरायचा, मग बाटली अलगद ओढून काढली की मध्ये भोक राहतं, त्यातून आच वर येते. एकदा पेटवली की दुपारपर्यंत पाहायला नको. त्या आचेवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मी पुढे पुष्कळ ठिकाणी खाल्ली, गॅसवर केलेलीही खाल्ली. चव वेगळी असते असं म्हणणारे म्हणोत. मला वाटतं फरक वासाचा होता. आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला लाकडाचा वास यायचा, उशांनासुद्धा.

आबांचे वडील गावोगाव फिरून नांगर, वखर, गाडीची चाकं करणारे सुतार होते. मिल आबांनी स्वतः टाकली. माणूस मोजकं बोलणारा, आणि बोलला तर अहिराणीच. फळीच्या मापाच्या बाबतीत ते इतके काटेकोर होते की गिऱ्हाइकाला आपणहून म्हणायचे, "हाई फळीमा गाठ शे, दारले चालाव नही, शेल्फ करी ले." म्हणून लांबलांबची माणसं लाकूड चिरायला आमच्याकडे आणत. घरात मीही अहिराणीच बोलायचे. पुढे शिकायला धुळ्याला गेल्यावर माझं बोलणं पुस्तकी झालं आणि त्यावरून अक्का मला चिडवायची. इथे लिहिताना आबांचं बोलणं तसंच ठेवते, माझं मात्र नंतरचंच लिहिलं जातं. त्याला आता इलाज नाही.

जळगावला वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी झाली तेव्हा घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू होतं. त्याच सुमारास धुळ्याच्या एका केंद्रात विद्यार्थ्यांना आणि नव्यानं संशोधनाला लागलेल्यांना वनव्यवस्थापनाचं शिक्षण देणार असल्याचं कॉलेजातल्या आमच्या बाईंनी सांगितलं. राहण्याची सोय, बराचसा काळ प्रत्यक्ष जंगलात. अक्काला ते मुळीच पसंत नव्हतं. "पोरगी जंगलमा राही का?" असं ती दोन दिवस म्हणत होती. आबांनी मात्र फारसा विचार न करता होकार दिला. म्हणाले, "जाऊ दे तिले. जंगलखातामा वळख व्हई. आपले कामे ई." माझ्या शिक्षणामागे त्यांचा एवढाच हिशेब होता आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

केंद्रातल्या साळुंखे सरांनी पहिल्याच तासाला एकेकाला उभं करून विचारलं, "झाड तोडावं की नाही?" बहुतेकांनी 'नाही' सांगितलं, एक-दोघांनी त्यावर छोटी भाषणंही केली. माझी पाळी आली तेव्हा मी विचारलं, "कोणतं झाड, सर?" यात हुशारी काही नव्हती. सॉ मिलवाल्याच्या घरात तो प्रश्न आपोआप येतो. सर "तुझं नाव काय?" एवढंच म्हणाले. मग फळ्याकडे वळून म्हणाले, "जंगल दर वर्षी जेवढं वाढतं, तेवढंच किंवा त्याहून कमी घ्यायचं. शास्त्र एवढंच आहे. बाकी तुमचं सगळं शिक्षण म्हणजे ते 'तेवढं' किती, हे शोधण्याची खटपट."

ती खटपट कंटाळवाणी होती, हे आजच्या मुलांना सांगितलं की त्यांना हसू येतं. त्यांच्या हातात मोबाईल असतो, वरून ड्रोन फिरतो, संध्याकाळपर्यंत नकाशा तयार. आम्ही छातीच्या उंचीवर टेप लावून झाडांचे घेर मोजायचो, ओरडून आकडे सांगायचो, आणि घसा बसला की जोडीदार बदलायचो. माझी जोडीदार नवापूरकडची रेशमा वळवी. आम्हा दोघींखेरीज बाकी सगळे मुलगेच होते. रेशमा चढावर माझ्यापेक्षा दुप्पट वेगानं चालायची आणि वर पोचल्यावर माझी वाट पाहत बोरं खात बसायची. मी धापा टाकत पोचले की म्हणायची, "ये, एरंडोल. बस." ती मला नावानं क्वचितच हाक मारायची.

हिवाळ्यात आमचा मुक्काम पद्मालयाच्या देवळापलीकडच्या टेकड्यांवर पडला. दोन खोल्यांचं जुनं विश्रामगृह, अंगणात हापसा. कौलांवर माकडं. माझ्या घरापासून इतक्या जवळ की रविवारी जेवायला जाऊन परत येता येई. तिथल्या उतारावर अंजनाची झाडं होती. अंजन खडकातही उभं राहतं आणि उन्हाळ्यात बाकी सगळं वाळतं तेव्हा त्याचा पाला गुराबकऱ्यांच्या कामी येतो. खालच्या वस्तीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तो पाला छाटून नेत होती. पण वर्षागणिक छाटणी वाढत गेली आणि झाडं खुरटली. किती पाला नेला तर झाडही जगेल आणि बकऱ्याही जगतील, हे शोधणं आमच्याकडे होतं. त्यासाठी काही झाडं अजिबात न छाटता ठेवायची आणि काहींचा तिसरा हिस्साच छाटायचा, असं सरांनी ठरवलं.

ठरवलं सरांनी, पण पटायला हवं होतं वस्तीला. मोजमापापेक्षा त्या बैठकांतच आमचा जास्त वेळ गेला. सर दर बैठकीला आमच्यापैकी एकाला बोलायला उभं करायचे आणि स्वतः मागे, बायकांच्या रांगेपाशी जाऊन बसायचे. आमचं बोलणं कुणाला कळलं नाही तर तिथूनच सांगायचे, "पुन्हा सांग." वस्तीत हिलाल नानांचा शब्द चालायचा. उंच, वाकलेले, कानात बाळी. सगळं ऐकून घेतल्यावर एकदा ते म्हणाले, "तुमनं बठ्ठं बराबर शे. पन बकरीले मी काय सांगू? सायेबनी बंद करं म्हनीसन?" सगळे हसले, आम्हीही हसलो, आणि त्या दिवशी काहीच ठरलं नाही. ठरलं ते फार पुढे, पुष्कळ चहा झाल्यावर, आणि वस्तीच्या अटीवर: न छाटायची झाडं कुठली, ती वस्तीनं दाखवायची. सरांनी ते लगेच मान्य केलं. त्या झाडांच्या खोडावर पट्टा मारायला रंग हवा होता. केंद्राच्या वसतिगृहाच्या खिडक्यांना लावून उरलेला मोरपंखी ऑइलपेंट होता, तोच सरांनी मागवला. पट्टे मी आणि रेशमानं मारले. खडबडीत सालीवर ब्रश चालत नव्हता, म्हणून शेवटी चिंधीनं आणि बोटांनी. कित्येक दिवस आमच्या नखांत तो रंग होता.

वस्तीनं शब्द पाळला. उन्हाळा लागला, खालचं गवत संपलं, तरी पट्ट्याच्या झाडांना कुणी हात लावला नाही. एक म्हातारी त्यांच्या खालून जाताना वर बघत तोंडानं च्‌च्‌ करायची, पण कोयता काढायची नाही. सर रोज संध्याकाळी आमच्या आकड्यांवर नजर टाकायचे आणि काही न बोलता कागद परत द्यायचे. ते खूश आहेत, हे त्यावरूनच कळायचं.

मग एका सकाळी मी आणि रेशमा टेप घेऊन वर गेलो तर उताराच्या पलीकडच्या टोकाला उजेड जास्त वाटला. जवळ गेल्यावर कळलं. पट्ट्याच्या झाडांतली जी सरळ आणि जाड होती, नेमकी तीच नव्हती. बुंधे तेवढे उरले होते, लालसर, ओले. फांद्या आणि पाला तिथेच टाकलेला, आणि त्याच्या पलीकडे कच्च्या रस्त्याला लागून ट्रकच्या चाकांच्या खुणा. रेशमा एका बुंध्यापाशी बसली आणि तिनं त्यावर तळहात ठेवला. मला काय वाटलं ते आठवायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे. वाईट वाटलं नाही. मी मनात मोजत होते, यातून किती घनफूट निघालं असेल. सवय.

दुपारी वनपाल आले. त्यांनी बुंधे पाहिले, रस्ता पाहिला, आणि मग वळून खाली वस्तीकडे पाहिलं. आमच्यातल्याही एक-दोन मुलांनी तिकडेच पाहिलं. चोर सापडेपर्यंत उतारावरची सगळी छाटणी बंद, असं वनपालांनी सांगितलं. ऐन उन्हाळ्यात. वस्तीतली माणसं विश्रामगृहाच्या अंगणात जमली होती. हिलाल नाना पुढे झाले. आवाज न चढवता म्हणाले, "सायेब, आमी पाला लेतस. खोड लीसन आमी काय करूत? आमनाकडे आरा शे का?"

वनपाल म्हणाले, "विकता येतं की. कोणाला तरी दाखवलं असेल तुम्हीच."

सर वनपालांना बाजूला घेऊन बराच वेळ समजावत होते, पण हुकूम फिरला नाही. माणसं परत गेली. संध्याकाळी भाकरी थापताना रेशमा म्हणाली, "आमच्याकडेही असंच. ट्रक बाहेरचा येतो आणि नाव पाड्याचं येतं. माझे काका आठवडाभर आत होते, काही न करता." तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "आता या बकऱ्या मरतील बघ," असं अगदी साध्या आवाजात म्हणाली.

त्या रविवारी मी घरी निघाले. एसटीतून उतरून मिलच्या रस्त्याला लागले आणि आऱ्याचा आवाज आला. उन्हाची वेळ, रस्त्यावर कुणी नाही, पानटपरी बंद. आरा किंचाळत होता. मी थांबले. बांधावरचं एखादं झाड असेल, असं स्वतःला सांगून पाहिलं. मग आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. म्हणजे ओंडके एकाहून जास्त होते.

मिलमध्ये शिरले तर आऱ्याखालचा भुसा तांबडा होता. आबांनी मला पाहून मान हलवली आणि हातातलं काम पुरं केलं. कोपऱ्यात न चिरलेले ओंडके पडले होते. साल तासून काढलेली, पण घाईत. एका ओंडक्याच्या खोलगट खाचेत साल राहिली होती आणि त्या सालीवर मोरपंखी रंग. मी खाली वाकून तो बोटानं खरवडला. ओळखायला तेवढं लागतही नव्हतं.

"आबा, हे लाकूड कुठलं?"

"कथाईन का ऱ्हाईना. चिराले उनं."

"आणलं कुणी?"

"गिऱ्हाईक."

"हा रंग मी लावलाय, आबा."

त्यांनी आरा बंद केला. जवळ आले, खाचेवरून अंगठा फिरवला. "दुनियामा हिरवा रंग एकच शे का?"

"हा आमच्या वसतिगृहाच्या खिडक्यांचा आहे."

ते खांद्यावरच्या टॉवेलनं हात पुसत म्हणाले, "चाल. जेवी ले."

अक्कानं भरीत केलं होतं, मी येणार म्हणून त्यात हिरव्या मिरच्या जास्त घातल्या होत्या. दोघांची तोंडं पाहून तिनं विचारलं, "काय व्हयनं?" मी सगळं सांगितलं, झाडं, वनपाल, बंद झालेली छाटणी. आबा खाली मान घालून जेवत होते. अक्का ऐकत ऐकत त्यांच्या ताटात भाकरी वाढायची थांबली आणि आबांना म्हणाली, "मंग त्या लोकेस्ना ढोरं काय खातीन?" आबा पाणी प्यायले आणि उठले. त्या दुपारी त्यांनी आरा पुन्हा लावला नाही. आऱ्यावरच्या माणसाला घरी पाठवलं आणि मिलच्या दारात खाट टाकून बसले.

मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. "मी उद्या सरांना सांगणार आहे. तुमच्या माघारी सांगायचं नव्हतं."

"सांग."

मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. थोड्या वेळानं म्हणाले, "मिलले कुलूप लागी."

"हो."

"तुना लगीनमा लोके ईचारतीन."

"विचारू दे."

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. ती नजरेआड होईपर्यंत ते बघत राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तू धुळाले गई तवय मी म्हनं व्हतं, जंगलखातामा वळख व्हई. व्हयनी."

ते चेष्टेनं म्हणाले की रागानं, हे मला आजही सांगता येत नाही. अक्का दाराआडून ऐकत होती. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रामगृहावर पोचल्याबरोबर मी सरांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी शाबासकी दिली नाही, याचं मला तेव्हा थोडं वाईट वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "आबांना सांगून आलीस?" मी हो म्हणाले. "मग मी आधी त्यांना भेटून येतो. नंतर पुढचं," असं म्हणून ते स्कूटरकडे निघाले. स्कूटर सुरू होत नव्हती. ते किका मारत होते, तेवढ्यात फाट्याकडच्या रस्त्यानं पांढरी टोपी दिसली. आबा चालत येत होते. त्यांना तेवढं चालायची सवय नव्हती. सदरा पाठीला चिकटला होता. मी पुढे गेले तर त्यांनी हातानं थांबवलं आणि सरांना विचारलं, "वस्ती कोनती बाजूले शे?"

सर, मी, रेशमा आणि ते असे आम्ही खाली गेलो. वनपालांना निरोप धाडला होता, तेही आले. हिलाल नानांच्या दारातल्या कडुलिंबाखाली माणसं जमली. आबा बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "लाकूड मनी मिलवर शे. आननारा मानूस मी वळखस, नाव सांगस. ह्या लोकेस्नं काही नही." एवढंच. त्यांच्या सबंध आयुष्यात चारचौघांत उभं राहून त्यांनी केलेलं बोलणं बहुधा हेच असावं.

वनपाल कागद शोधू लागले. मग मागून, बायकांतून एकीचा आवाज आला, "मंग इतला रोज आमी चोर व्हतूत का?" तिनं ते कुणाला विचारलं, कळलं नाही. आबांनी तिच्याकडे पाहिलं, वनपालांनी नाही पाहिलं. शेवटी हिलाल नानाच म्हणाले, "बस भाऊ. उन्हमा उना. च्या ले." आबा बसले आणि कप हातात धरून राहिले. प्यायले की नाही, मी पाहिलं नाही.

आबांनी नाव सांगितलं, जबाब दिला, दंड भरला. ट्रकवाल्याचं पुढे काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. झालं असेल तर थोडंच. मिलला मात्र कुलूप लागलं आणि पावसाळा संपेपर्यंत ते निघालं नाही. छाटणी त्याच आठवड्यात खुली झाली. तरी मधल्या दिवसांत वस्तीतल्या काही बकऱ्या बाजारात गेल्या होत्या, त्या परत आल्या नाहीत. वनपालांनी वस्तीची माफी मागितली असं कुणी सांगितलं तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही. मी तिथेच होते.

आमच्या अभ्यासाचं नुकसान झालं. ठेवायची म्हणून ठेवलेली चांगली झाडंच गेली होती. मुलं म्हणाली, आता नवी जागा शोधू. सर म्हणाले, "नुकसान झालेलं जंगल हेही जंगलच आहे. मोजा." मग आम्ही बुंध्यांना फुटवे येतात का ते मोजू लागलो. पुढे माझ्या कामाचा मोठा भाग त्यातूनच उभा राहिला, पण तेव्हा ते नुसतं हट्टाचं वाटायचं.

घरी त्या पावसाळ्यात फार शांतता होती. आबा अंगणात बसून हातरंध्यानं चौकटी करायचे, कुणी सांगितलं तर पाटही करून द्यायचे. एक स्थळ येता येता थांबलं. अक्का त्याबद्दल मला एक शब्द बोलली नाही, आबांनाही नाही, चुलत्यांना मात्र एकदा म्हणाली, "मनी पोर खोटं बोलनी का?" आबा माझ्याशी बोलत होते, जेव, निजली का, गाडी केव्हाची, असं. त्यापुढे नाही. मला वाटू लागलं होतं की आता असंच राहणार.

पाऊस उघडल्यावर एका रविवारी मी टेकडीवर परत निघाले तर आबा चपला घालून दारात उभे. "मी येस," म्हणाले. उतारावर गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं. मी त्यांना बुंध्यांपाशी नेलं. ते एकेक बुंधा वाकून बघत गेले, एकावर बोट फिरवलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "वाईट कापेल शे," म्हणाले. "कुऱ्हाड कितली वर मारी! हातभर लाकूड जमीनमाच ऱ्हायनं." मला हसू आलं. ते इतके मनापासून चिडले होते की आवरलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तेही किंचित हसले. पावसाळाभरात पहिल्यांदा.

मग एका खडकावर बसून त्यांनी विचारलं, "तुमी आठे काय करतस ते सांग." धुळ्याला जाऊन इतके महिने झाले होते, पण त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. झाड वर्षात किती वाढतं ते कसं काढायचं, तिसरा हिस्साच का छाटायचा, फुटव्यांतला कुठला ठेवायचा. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं. खाली वस्तीत कुणी तरी बकऱ्यांना हाका घालत होतं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "त्या लोकेस्ले तुमी शिकाडं, कितला पाला लेवाना. बेस करं. माले कोन शिकाडं, कोनतं लाकूड चिरानं अन्‌ कोनतं नही?"

मी म्हणाले, "कुणी नाही."

"मंग?" म्हणाले, आणि उत्तराची वाट पाहत खरोखरच बसून राहिले. संध्याकाळी मी सरांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ते सोडून दिलं नाही. मिलचं कुलूप निघाल्यावर एक दिवस ते आबांकडे आले आणि म्हणाले, पुढच्या वर्षीची मुलं पहिल्या आठवड्यात इथे आणू का? आबा म्हणाले, "आना. बसाले जागा नही."

ती मुलं आली. मी तेव्हा शिकणाऱ्यांतून निघून सरांच्या हाताखाली काम करू लागले होते. मुलं ओंडक्यांवर बसली. आबांनी त्यांना काही शिकवलं वगैरे नाही. ते आपलं काम करत राहिले. मध्येच एक ट्रॅक्टर आला, वर लाकूड. आबा आरा बंद करून बाहेर गेले, ट्रॅक्टरवाल्याकडे लाकडाचा परवाना मागितला, तो चाचपडू लागला तसे त्याला उभा ठेवून आत आले. ट्रॅक्टरवाला थोडा वेळ कुरकुरला आणि दुसऱ्या मिलकडे निघून गेला. तशी पुष्कळ गिऱ्हाइकं नंतरही गेली. आबांची मिल पूर्वीसारखी कधी चालली नाही, हेही लिहून ठेवायला हवं.

ट्रॅक्टर गेल्यावर एका मुलीनं हात वर केला. नाशिककडची होती, चांगली धीट. म्हणाली, "आजोबा, लाकूड कुठून आलंय हे तुम्हाला बघून कळतं का?"

आबा आऱ्याचा पट्टा चढवत होते. "नही," म्हणाले. "ईचारनं पडस." आणि त्यांनी आरा सुरू केला.